कॅरिबियनमधली कॅटामरान-सहल कशी घडली

क्रूझ जहाज सकाळी कॅरिबियन बेटाच्या धक्क्याला लागते आणि बहुधा सूर्यास्ताच्या सुमारास निघून जाते. मधल्या सात-आठ तासांत कॅटामरानमधून प्रवाळापर्यंत जायचे, स्नॉर्केल लावून तासभर पाण्यात राहायचे आणि परत यायचे, ही मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांची ठरलेली सहल. ती या बेटांवरची जुनी रीत वाटते, पण तशी ती नाही. जुळ्या सांगाड्यांची नौका म्हणजे कॅटामरान, पाण्याखाली पाहण्याची साधने आणि एका दिवसाचा पाहुणा हे तिचे तिन्ही घटक विसाव्या शतकात बाहेरून आले, तेही वेगवेगळ्या वाटांनी.

दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून आडव्या तुळयांनी जोडण्याची कला पॅसिफिकमधल्या बेटवासीयांची. अशा नौकांतून ते हजारो मैलांचा समुद्र ओलांडत होते, तरी पाश्चात्त्य नौकाबांधणीने तिला दीर्घकाळ गंभीरपणे घेतले नाही. नॅथॅनियल हेरेशॉफ या अमेरिकन नौकाबांधणीकाराची अशीच नौका ‘अमॅरिलिस’ 1876 मध्ये न्यूयॉर्कच्या शर्यतीत इतरांना मागे टाकून गेली. त्यावर हरलेल्यांनी तक्रारी केल्या आणि शर्यतींची दारे अशा नौकांना बंद झाली. पर्यटकांशी जुळ्या नौकेची गाठ पडली ती हवाईत. वुडी ब्राउन आणि त्याच्या साथीदारांनी 1947 मध्ये ‘मनू काई’ ही कॅटामरान बांधली आणि वाइकिकीच्या किनाऱ्यावरून प्रवासी फिरवायला सुरुवात केली.

कॅरिबियनच्या इतिहासात जेम्स व्हॅरम या इंग्रजाचे नाव घ्यावे लागते. दोन जर्मन तरुणींना सोबत घेऊन तो 1955 मध्ये साडेतेवीस फुटांच्या ‘टांगारोआ’तून इंग्लंडहून निघाला आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोहोचला. तिथेच त्याने ‘रोंगो’ ही मोठी नौका बांधली. बांधकामाला फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मॉयतेसिये याचाही हात लागला. 1959 मध्ये ‘रोंगो’ न्यूयॉर्कहून उत्तर अटलांटिक पार करून युरोपला परतली. एवढ्या प्रवासानंतर दोन सांगाड्यांची नौका खुल्या समुद्रात टिकत नाही असे म्हणणे अवघड झाले.

पाण्याखाली पाहण्याची साधने भूमध्य समुद्राकाठी आकाराला आली. लुई द कॉर्लियू याने पायात घालायच्या रबरी परांचे पेटंट 1933 मध्ये घेतले. त्याच दशकात काचेचे मुखवटे आणि श्वास घेण्याच्या नळ्या यांचे प्रयोग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर चालू होते. 1939 मध्ये हान्स हास हा व्हिएन्नाचा विद्यार्थी कुरासाव आणि बोनेर बेटांवर गेला आणि तिथल्या प्रवाळांचे चित्रण करून परतला. सामान्य माणसासाठी वाट आखली गेली ती अमेरिकन व्हर्जिन बेटांवर. 1956 मध्ये सेंट जॉनवर राष्ट्रीय उद्यान झाले. 1961 च्या डिसेंबरात अध्यक्ष केनेडी यांनी सेंट क्रॉईजवळच्या बक बेटाचे प्रवाळ राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले. तिथे पाण्याखाली माहितीच्या पाट्या बसवलेली पायवाटच आहे, अर्थात पोहत जाण्याची.

पाहुणे आणले मायामीने. 1966 मध्ये ‘सनवर्ड’ या जहाजाने तिथून नियमित फेऱ्या सुरू केल्या. 1970 मध्ये कॅरिबियनसाठीच बांधलेले, सातशेच्या आसपास प्रवाशांचे ‘साँग ऑफ नॉर्वे’ आले. 1972 मध्ये ‘मार्डी ग्रा’ पहिल्याच सफरीत मायामीबाहेर वाळूत रुतले, तरी धंदा रुतला नाही. 2009 च्या ‘ओअॅसिस ऑफ द सीज’मध्ये पाच हजारांहून अधिक प्रवासी मावतात.

इतक्या लोकांना थोड्या वेळात, आजी आणि नातू यांच्यासह, समुद्रावर न्यायचे तर कॅटामरानला तोड नव्हती. ती फारशी कलत नाही, म्हणून लहानांना चालता येते आणि पोटात ढवळणे कमी होते. तळ उथळ असल्याने ती किनाऱ्याच्या अगदी जवळ जाते, आणि मागच्या पायऱ्यांवरून सरळ पाण्यात उतरता येते. सेंट क्रॉईवर 1985 पासून खास प्रवासी कॅटामरान बांधणारा कारखानाही उभा राहिला. जाताना बहुतेक वेळा इंजिनच चालते आणि शीड परतीच्या वाटेवर उभारले जाते. ते पुष्कळदा फोटोपुरतेच.

कुटुंबासाठी सहल निवडताना नौकेपेक्षा जागा महत्त्वाची ठरते. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे बेटांची पश्चिम बाजू शांत असते. नाताळच्या सुमारास हे वारे जोर धरतात. ग्रँड केमनच्या उत्तर खाडीत कोळी मासे आणि शंख साफ करून टाकाऊ भाग पाण्यात टाकत. त्यावर पाकटे जमू लागली, आणि 1980 च्या दशकात पाणबुडे त्यांना हाताने भरवू लागले. तिथल्या वाळूच्या उंचवट्यावर मोठ्यांच्या कमरेइतके पाणी असते, त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही उतरता येते. अरुबाच्या मालमोकजवळ ‘अँटिला’ हे जर्मन मालवाहू जहाज मे 1940 मध्ये खलाशांनीच बुडवले. त्याचा तळ सुमारे 18 मीटरवर आहे, म्हणून ते सरावलेल्या मुलांनीच वरून तरंगत पाहावे. मुलांच्या मापाचे मुखवटे आणि तरंगते जाकीट, किमान वयाची अट, प्रत्यक्ष पाण्यात मिळणारा वेळ, हे आधी विचारून घ्यावे. क्रूझ कंपनीमार्फत घेतलेली सहल महाग पडते, पण तिला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. रम पंच पोहून झाल्यावरच द्यायचा, ही चांगल्या खलाशांची रीत आहे.

पाण्याखालचे दृश्य मात्र पूर्वीचे राहिलेले नाही. 1983-84 मध्ये पनामापासून पसरलेल्या रोगाने लांब काट्यांचे काळे अर्चिन जवळजवळ संपवले. ते शेवाळ खात असत, म्हणून प्रवाळांवर शेवाळ चढले. 2005 च्या उष्ण पाण्याने प्रवाळ पांढरे पडले आणि 2014 मध्ये फ्लोरिडात दिसलेला नवा रोग पुढे बेटांवरही पोहोचला. पाकटे, कासवे आणि बुडालेली जहाजे यांचे आकर्षण वाढण्यामागे हेही एक कारण असावे. बोनेरने 1979 मध्येच सागरी उद्यान केले आणि नांगर टाकण्याऐवजी बोयांना नौका बांधण्याची पद्धत आणली. अमेरिकन व्हर्जिन बेटांनी 2020 मध्ये ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली. मुलांसाठी लांब बाह्यांचे पोहण्याचे सदरे नेले तर ते मलम कमी लागते.