फी माफ झाली, पण जेवणाचे काय?

रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्स नावाचा विद्यार्थी रघुराजाच्या दारी येतो. विद्या पुरी झालेली असते. गुरू वरतंतू काहीच मागत नाहीत, पण शिष्य हट्ट सोडीना तेव्हा चिडून ते चौदा विद्यांचे चौदा कोटी मागून बसतात. रघूने विश्वजित यज्ञात सगळे वाटून टाकलेले, पाहुण्याला अर्घ्य द्यायलाही मातीचे भांडे. तरी तो कौत्साला परत पाठवत नाही. कुबेरावर स्वारी करायचे ठरवतो आणि त्याच रात्री कोठारात सोन्याचा पाऊस पडतो. उज्जैनवर जीव जडलेल्या कवीने ही गोष्ट सांगावी हे मला अर्थपूर्ण वाटते, कारण याच नगरीला सांदीपनींच्या आश्रमाची कथा चिकटलेली आहे. कृष्ण मथुरेहून, म्हणजे परमुलखातून, इथे शिकायला आला आणि गुरुदक्षिणा त्यानेही शेवटीच दिली. दोन्ही कथांत शुल्क सर्वांत शेवटी येते. मधली वर्षे शिष्य जेवला कुठे, निजला कुठे, हे कवी सांगत बसत नाही. गुरूच्या घरी, हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असे. त्याच्या बदल्यात शिष्याने रानातून लाकडे आणायची. सुदामा आणि कृष्ण पावसात अडकले ते त्याच कामावर असताना.

पुराणाला पुरावा म्हणून फार ताणू नये. पण त्यातली गृहीतके इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतात. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला मदत करायची म्हणजे त्याचा निर्वाह उचलायचा, असा आपल्याकडचा जुना हिशेब होता. फीमाफी ही त्यामानाने अलीकडची आणि बरीच स्वस्त कल्पना आहे. नालंदाचा ताम्रपट पाहा. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या सुमात्रा भागाचा, राजा बालपुत्रदेव याने नालंदात विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपालाने त्या विहारासाठी पाच गावे लावून दिली. उत्पन्न कशासाठी? पूजेबरोबरच भिक्षूंचे अन्न, वस्त्र, अंथरूण, औषध, ग्रंथलेखन आणि इमारतीची डागडुजी. परदेशी विद्यार्थ्यांच्या सोयीची ही भारतातली सर्वांत स्पष्ट जुनी नोंद म्हणावी लागेल आणि तिच्यात शिकवणीच्या मोबदल्याचा मुद्दाच नाही.

मराठी राज्यातही रीत फारशी निराळी नव्हती. खंडेराव दाभाड्यांनी तळेगावात सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा १७३१ नंतर पेशव्यांनी पुण्यात चालवली आणि तिच्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री-वैदिक येत. त्याच दशकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर उज्जैनला महाकालाचे देऊळ नव्याने उभे करत होते. देवळे, घाट, अन्नछत्रे, वर्षासने हा खर्च एकाच वहीत पडे. विद्यार्थी, यात्रेकरू आणि विद्वान यांत तेव्हा आजच्यासारख्या भिंती नव्हत्या. एल्फिन्स्टनने १८१८ नंतर दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातलाच काही पैसा वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिथे विद्यार्थ्याला फी तर नव्हतीच, उलट दरमहा वेतन मिळे. सरकार बदलले, भाषा बदलली, पण पैसा विद्यार्थ्याच्या पोटासाठी द्यायचा हे सूत्र काही काळ तरी टिकले.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खरा आहे. दक्षिणा आणि पाठशाळेची ही सगळी व्यवस्था ब्राह्मणांपुरती होती. दक्षिणा जन्मावर मिळे, आणि लोकहितवादींसारख्यांनी १८४९ मध्ये अर्ज करून तिचा पैसा मराठी ग्रंथांकडे वळवायची मागणी केली. पण नीट पाहिले तर अन्याय पात्रतेच्या निकषात होता. पैसा कशावर खर्च करायचा यात नव्हता. याचा पुरावा सयाजीराव गायकवाडांनी दिला. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. जातीची अट गेली, निर्वाहाचे तत्त्व राहिले. आणि निर्वाह थांबला की काय होते, तेही याच उदाहरणात दिसते: मुदत संपताच १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून आंबेडकरांना परतावे लागले.

उज्जैनशेजारच्या रतलामचे १८८५ ते १८८८ या काळातले दिवाण श्यामजी कृष्णवर्मा यांनी पुढे लंडनमधून शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यातही हेच. घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही, ही त्यांची अट. १९०६ मध्ये सावरकर विलायतेला गेले ते श्यामजींच्याच मंडळींपैकी सरदारसिंह राणांनी ठेवलेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. गायकवाडांना हवा होता अधिकारी, श्यामजींना हवा होता अधिकारी न होणारा माणूस. अटी एकमेकींच्या नेमक्या उलट, पण दोघांनीही पैसा मोजून दिला आणि काय हवे ते उघड सांगितले.

आता आजचे पाहू. २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'स्टडी इन इंडिया' योजना आणली. गुणवत्तेनुसार वरच्या पाव विद्यार्थ्यांना पूर्ण फीमाफी, पुढच्या पावांना निम्मी, त्यापुढच्या पावांना पंचवीस टक्के, उरलेल्यांना काही नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांना मूळ प्रवेशसंख्येच्या वर जादा जागा ठेवता येतात. म्हणजे माफी ज्या जागेवर द्यायची ती जागा एरवी नसतीच. संस्थेच्या खिशातून फारसे काही जात नाही. याउलट १९५० साली स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीत फीबरोबर निर्वाहभत्ता आणि घरभाडेही असते. पहिली योजना सवलत आहे, दुसरी शिष्यवृत्ती, आणि जाहिरातीत दोन्ही एकाच शब्दात गुंडाळल्या जातात ही गोष्ट मला खटकते.

कोणी म्हणेल, आज फी जबर आहे, तेव्हा माफीही मोठीच. अभियांत्रिकी आणि खाजगी विद्यापीठांत हे मान्य. पण १९५७ साली स्थापन झालेल्या उज्जैनच्या विक्रम विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठात कला किंवा विज्ञान शिकायला नेपाळ वा आफ्रिकेतून येणाऱ्या मुलाला प्रवास, वसतिगृह, मेस आणि आजारपण यांचाच बोजा जास्त. याच गावचे विष्णु श्रीधर वाकणकर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात गेले, तेव्हा फ्रान्स सरकारच्या शिष्यवृत्तीच्या जोडीला दोराबजी टाटा ट्रस्टचे प्रवासअनुदान लागले होते. भीमबेटकाच्या शोधामागच्या माणसालाही तिकिटाचा प्रश्न चुकला नव्हता.

दुसरा सवाल अधिक बोचरा: आपल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या वेळेवर येत नसताना परक्यांना का जेवू घालायचे? पण परक्याचा भत्ता रद्द केल्याने घरच्याचा लवकर येत नाही. तो दुसऱ्या टेबलावर अडकलेला असतो. शिवाय उज्जैनच्या बाबतीत खर्चाची सबब फारशी टिकत नाही. सिंहस्थात हे गाव लाखो लोकांना सांभाळते, महाकाल देवस्थानचे अन्नक्षेत्र भक्तांना विनामूल्य वाढते, आणि १९९३ पासून इथे असलेले महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान वेदाध्ययन करणाऱ्या मुलांना आजही निर्वाहवृत्ती देते. पद्धत, पंगत आणि पैसा तिन्ही गावात आहेत. विद्यापीठातला परदेशी विद्यार्थी त्या यादीत धरायचा की नाही, एवढेच ठरवायचे राहिले आहे, आणि ते ठरवताना जुन्या पात्रतेच्या भिंती परत उभ्या करायच्या नसतील तर वेदपाठी मुलाइतकाच रसायनशास्त्र शिकणारा मुलगाही त्यात धरावा लागेल.