अमेरिकेंतील झेक लोक आणि त्यांचें ‘बेसेदा’ नृत्य

परदेशीं जाऊन वसलेल्या समाजाची भाषा बहुधा तिसऱ्या पिढींत मावळूं लागते. अशा वेळीं पूर्वजांचें म्हणून त्याच्यापाशीं काय शिल्लक राहतें? अमेरिकेंतील झेक लोकांचा इतिहास या प्रश्नाचें एक विचार करण्याजोगें उत्तर देतो.

झेकांची मूळ भूमि बोहेमिया व मोराविया. १६२० सालीं प्रागजवळ बीला होरा येथें त्यांच्या सरदारांचा पराभव झाला, आणि हाप्सबुर्ग घराण्याची त्यांच्यावरील पकड घट्ट झाली. दरबाराची व विद्येची भाषा पुढें जर्मन बनली. झेक भाषा बहुतांशीं खेडुतांच्या मुखीं उरली. १८४८ मध्यें वेठबिगार रद्द होऊन कुळांना मोकळीक मिळाली, परंतु त्याच वर्षींचा राजकीय उठाव चिरडला गेला. स्वातंत्र्य नाहीं आणि पोटापुरती जमीनही नाहीं, अशा स्थितींत हजारों कुटुंबांनीं अमेरिकेची वाट धरली. कोणी टेक्सासमध्यें कापूस पिकवूं लागले, कोणी आयोवा व नेब्रास्का येथें मका. शिकागोंतील कामकऱ्यांच्या वस्तीला तर मायदेशच्या पिल्सेन शहराचेंच नांव पडलें.

तिकडे मायदेशीं राष्ट्रीय जागृतीची लाट उसळली होती. १८६२ च्या सुमारास, कवि यान नेरुदा यांच्या प्रेरणेनें, नृत्यशिक्षक कारेल लिंक यांनीं पोल्का, फुरियांत इत्यादि लोकनृत्यें एका सूत्रांत गुंफून ‘बेसेदा’ हें नृत्य बसविलें; संगीत फेर्दिनान्द हेलेर यांनीं जुळविलें. प्रागच्या समारंभांत परकी नृत्यांच्या तोडीचें स्वदेशी नृत्य असावें, हा त्यामागील हेतु. तें चार जोडप्यांनीं चौकोन करून नाचावयाचें असतें. १८६२ सालींच प्रागमध्यें ‘सोकोल’ हा व्यायामसंघही निघाला.

हें सारें अमेरिकेंत रुजलें, याचें श्रेय तेथील मंडळ्यांना आहे. सेंट लुइस येथें १८५४ मध्यें झेकांनीं परस्परसाह्याची संस्था काढली होती. तेथेंच १८६५ मध्यें अमेरिकेंतील पहिला सोकोल स्थापन झाला. अशा मंडळ्यांनीं गांवोगांव सभागृहें उभारलीं. वर्गणीचा हिशेब, कवायत, नाटक आणि नृत्य हीं सर्व एकाच छपराखालीं चालत. विख्यात संगीतकार अंतोनीन द्वोर्झाक यांनीं १८९३ चा उन्हाळा आयोवांतील स्पिलव्हिल या झेक खेड्यांत घालविला, तो आपल्या माणसांचा सहवास मिळावा म्हणूनच.

पहिल्या महायुद्धांत भाषेवर घाला आला. मे १९१८ मध्यें आयोवाच्या गव्हर्नरांनीं शाळांत, सार्वजनिक ठिकाणीं, टेलिफोनवर, इतकेंच नव्हे तर प्रार्थनेंतही इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास बंदी केली. रोख जर्मनांवर होता. पण ऑस्ट्रियाविरुद्ध झगडणाऱ्या झेकांनाही तो हुकूम लागू झाला. नेब्रास्कानें १९१९ मध्यें लहान मुलांस परकी भाषा शिकविण्याची मनाई केली. १९२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असे कायदे अवैध ठरविले. परंतु १९२४ च्या कायद्यानें नव्या झेकांचें आगमन अगदीं कमी झालें. घरांतली भाषा हळूहळू आजीआजोबांपुरती राहिली.

नृत्यावर मात्र कोणी बंदी घातली नाहीं, आणि त्यास शब्दांची गरजही नव्हती. नेब्रास्कांतील विल्बर येथें १९६२ पासून झेक उत्सव भरतो. ज्यांना झेक बोलतां येत नाहीं अशीं मुलेंही भरतकामाचे पोशाख घालून तेथें नाचतात. हें खेड्यांतलें जुनें जीवन नव्हे, असा आक्षेप घेतां येईल, व तो खोटा नाहीं: बेसेदा मुळांतच शहरांत रचलेलें, आणि तो पोशाख सणावाराचा. तरी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गाणें एकट्यानें गुणगुणतां येतें. बेसेदासाठीं आठ माणसें लागतात, आणि त्यांना शिकविणारें कोणी लागतें. जेथें तीं आठ माणसें एकत्र येईनाशीं होतात, तेथें पोशाख पेटींत राहतात आणि नृत्य संपतें.