पहिल्या ५१२ बाइटांचा इतिहास

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत जो वेळ जातो, त्यात एक कोडे सुटत असते. हार्ड डिस्कवरची माहिती वाचून आणणे हे ऑपरेटिंग सिस्टीमचे काम. पण ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच हार्ड डिस्कवर ठेवलेली असते. मग तिला वाचून आणायचे कोणी? कोंबडी आधी की अंडे आधी, अशातलाच हा प्रकार. आयबीएम पीसीवर या कोड्याला जे उत्तर काढले गेले, त्यामुळेच घरच्या एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम नांदू शकल्या. दारात कोणी बसायचे, यावरची भांडणेही त्यातूनच निघाली. तो इतिहास येथे पाहू.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी जाहीर केला तेव्हा त्याच्यासाठी एक नव्हे, तीन ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर झाल्या होत्या : पीसी-डॉस, सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टीम. हार्ड डिस्क नव्हतीच. सारे काही फ्लॉपीवर. त्यामुळे सिस्टीम बदलणे म्हणजे खणातली फ्लॉपी बदलणे, एवढेच काम होते. पुढे डॉसच सर्वत्र पसरली, त्याचे एक मोठे कारण किंमत हे होते. डॉस ४० डॉलरला मिळे, तर सीपीएम-८६ बाजारात आली ती २४० डॉलरला. यंत्राला कोणतीही सिस्टीम वर्ज्य नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, आणि सोबत डॉसची दुसरी आवृत्ती. आता फ्लॉपी बदलून भागणार नव्हते, कारण डिस्क यंत्रात कायमची बसवलेली. तेव्हा असे ठरले : संगणक सुरू झाला की बायोस नावाचा, चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम डिस्कचा फक्त पहिला सेक्टर वाचेल. सेक्टर म्हणजे ५१२ बाइटांचा तुकडा. तो मेमरीत ठरलेल्या जागी ठेवायचा आणि त्यातल्या पहिल्या सूचनेवर उडी मारायची. बायोसचे काम येथे संपते. डिस्कवर डॉस आहे की आणखी काही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

या ५१२ बाइटांची वाटणी पाहण्यासारखी आहे. पहिले ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी. नंतर १६ बाइटांच्या चार नोंदी, म्हणजे ६४ बाइट. उरले दोन. त्यांत ८५ आणि १७० या संख्या असाव्या लागतात. वर्गात या दोन संख्या द्विमान पद्धतीत लिहून पाहा : ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. सेक्टर खरोखरच सुरुवातीचा आहे, याची ही खूण. ती नसेल तर गाडी पुढे जात नाही.

चार नोंदींचा तो तक्ता म्हणजे डिस्कचा सातबाराच म्हणा ना. प्रत्येक नोंदीत त्या भागाची सुरुवात कोठे, शेवट कोठे, एकूण सेक्टर किती आणि तो भाग कोणत्या सिस्टीमचा, एवढे लिहिलेले असते. कोणाचा हे सांगायला एक बाइट : डॉसच्या मोठ्या भागांसाठी ६, पुढे लिनक्ससाठी १३१, आणि असेच इतरांचे. आणखी एका बाइटात १२८ लिहिलेले असेल तर तो भाग ‘चालू’, शून्य असेल तर नाही. ४४६ बाइटांतला प्रोग्रॅम या तक्त्यात १२८ शोधतो, त्या भागाचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. म्हणजे एका डिस्कवर दोन सिस्टीम असतील तर कोणती सुरू व्हावी, हे एक बाइट बदलून ठरवता येई.

आम्हांला या रचनेचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. दहा मेगाबाइटची डिस्क ती केवढीशी! तरीही तिच्यावर शेजारी राहायला येईल, हे गृहीत धरून चौघांची सोय केली होती. आणि डॉसही आपल्या नावावर नसलेल्या भागाला हात लावत नसे.

मात्र घरच्या संगणकावर शेजारी राहायला यायला काही वर्षे जावी लागली. युनिक्ससारखी सिस्टीम विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत होती, पण ती महाग होती आणि तिला लागणारी यंत्रेही मोठी. दोन गोष्टींनी चित्र बदलले. १९८५ साली इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर आला. त्यात एका वेळी अनेक प्रोग्रॅम एकमेकांच्या मेमरीत घुसू न देता चालवण्याची सोय होती. आणि १९८७ साली ॲमस्टरडॅममधले प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांनी आपल्या पाठ्यपुस्तकासोबत मिनिक्स नावाची युनिक्ससारखी छोटी सिस्टीम प्रसिद्ध केली, विद्यार्थ्यांनी आतून वाचून शिकावे म्हणून.

जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ८०३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. त्याच्यावर डॉस होती. मागवलेल्या मिनिक्सच्या फ्लॉप्या येईपर्यंत तो डॉसवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ खेळत बसे. मिनिक्स आल्यावर तिच्यात राहूनच त्याने स्वतःची सिस्टीम लिहायला घेतली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने ते जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती सर्वांसाठी ठेवली. ती स्वतःच्या पायावर उभी नव्हती, तिचे भाषांतर यंत्रभाषेत करायला मिनिक्स लागेच. मग एक गंमत झाली. मोडेमला फोन लावण्याची आज्ञा द्यायची ती त्याने चुकून हार्ड डिस्कच्या मिनिक्स असलेल्या भागाला दिली आणि मिनिक्स पुसली गेली. ती पुन्हा भरण्याऐवजी त्याने आपल्याच सिस्टीमवर काम करायचे ठरवले. हा प्रसंग त्यानेच सांगून ठेवला आहे. पाहुणी म्हणून आलेली सिस्टीम अशी घरधनीण झाली.

पण बाकीच्यांचे काय? लिनक्स वापरून पाहू इच्छिणाऱ्या बहुतेकांना डॉस आणि पुढे विंडोज सोडून चालणार नव्हते. आरंभी लिनक्स फ्लॉपीवरून सुरू करावी लागे. १९९२ साली वेर्नर आल्म्सबर्गर याने लिलो हा प्रोग्रॅम लिहिला आणि खरी सोय झाली. सुरुवातीलाच तो विचारी : कोणती सिस्टीम हवी?

हे वाटते तितके सोपे नाही. ४४६ बाइटांत असा प्रोग्रॅम मावत नाही. म्हणून लिलोचे दोन भाग केले होते. पहिला छोटा भाग त्या पहिल्या सेक्टरमध्ये बसे आणि डिस्कवर अन्यत्र ठेवलेल्या दुसऱ्या, मोठ्या भागाला आणी. अडले तर सविस्तर संदेश छापायलाही जागा नाही. त्यावरची युक्ती आम्हांला फार आवडते. पहिला भाग सुरू झाला की पडद्यावर ‘एल’ हे अक्षर उमटे. दुसरा भाग मेमरीत आला की ‘आय’. तो चालू लागला की पुन्हा ‘एल’, आणि सारे ठीक असेल तर ‘ओ’. प्रोग्रॅमचे नावच रोगनिदानाचे साधन झाले. पडद्यावर नुसते ‘एल आय’ दिसून संगणक गप्प बसला, तर दुसरा भाग आला आहे पण चालत नाही, हे जाणकाराला लगेच कळे.

बहुधा त्याचे मूळ अंकगणितात असे. बायोसला डिस्कवरची जागा तीन आकड्यांनी सांगावी लागे : सिलिंडर, हेड आणि सेक्टर. सिलिंडरच्या आकड्याला दहा बिट दिलेले, म्हणजे फक्त १,०२४ सिलिंडर. त्या काळच्या डिस्कची जोडणी १६ पेक्षा अधिक हेड मानत नसे, आणि बायोस ६३ पेक्षा अधिक सेक्टर. आता गुणाकार करा : १,०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट. डिस्क याहून मोठी असेल तर पलीकडचा भाग बायोसला दिसतच नसे. लिनक्स एकदा सुरू झाली की डिस्कशी थेट बोलत असल्यामुळे तिला ही अडचण नव्हती. अडचण होती ती उंबरठा ओलांडेपर्यंतचीच. म्हणून सुरुवातीला लागणाऱ्या फाइली डिस्कच्या अगदी पुढच्या भागात एक लहान तुकडा वेगळा काढून ठेवण्याची रीत पडली. शिवाय लिलोला फाइलींची नावे कळत नसत, केवळ सेक्टरचे क्रमांक त्याने नोंदून ठेवलेले असत. लिनक्सचा गाभा बदलला आणि लिलोला पुन्हा नोंदणी करायला सांगायचे राहिले, की पुढच्या वेळी संगणक सुरू होत नसे.

दुसरी अडचण जागेची. दुकानातून येणाऱ्या संगणकावर सबंध डिस्क एकाच सिस्टीमच्या नावावर असे. तिची वाटणी नव्याने करायची तर आधी सर्व पुसावे लागे. १९९३ च्या सुमारास आर्नो शेफर याने फिप्स हा प्रोग्रॅम लिहिला. डॉसच्या सगळ्या फाइली आधी डिस्कच्या पुढच्या बाजूला सरकवून घ्यायच्या. मग फिप्स डॉसच्या भागाची हद्द अलीकडे आणी आणि मोकळी झालेली जागा नव्या नोंदीत लिही. एकही फाइल न हलवता, केवळ मोजके आकडे बदलून. तरी हे करताना हात थरथरत, कारण आकडा चुकला तर घरातल्या सगळ्यांचे सगळे काम जाई. ज्यांना एवढे धाडस नको होते त्यांच्यासाठी डॉसमधूनच लिनक्स सुरू करणारा लोडलिन होता, आणि डॉसच्या एका डिरेक्टरीत सबंध लिनक्स बसवण्याचीही सोय होती.

आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या आणि हा प्रकार अनेक घरांत पोचला. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटाच्या हिशेबाने. त्यातून शेकडो मेगाबाइट उतरवून घेणे हा विचारच नको. मुंबई, पुणे, बंगलोर येथे लिनक्स वापरणाऱ्यांचे गट जमले. लोक संगणकाचा डबा घेऊन येत आणि जाणकार शेजारी बसून दुसरी सिस्टीम घालून देत. आमच्यासारख्या संशोधकांना त्याचे महत्त्व वेगळेच होते. संस्थेतल्या युनिक्स यंत्रावर पाळी लावून जे गणित सोडवायचे, तेच आता घरी रात्रभर चालवता येई, आणि सकाळी घरच्यांना विंडोज परत मिळे. एकाच यंत्राचे पैसे भरून दोन्ही साधले.

संघर्ष आला तो येथेच. विंडोज ९५ घालताना ती पहिल्या सेक्टरमधले ४४६ बाइट स्वतःचे लिहून टाकी. तक्ता तसाच राही, लिनक्सचा भाग जागच्या जागी असे, फक्त आत जाण्याची वाट नाहीशी होई. अनेकांना वाटे की सारे पुसले गेले. फ्लॉपीवरून लिनक्स सुरू करून लिलो पुन्हा लिहिला की पाच मिनिटांत सर्व पूर्ववत. तेव्हा ती फ्लॉपी आधीच करून ठेवा, असे प्रत्येक मार्गदर्शिकेत ठळक अक्षरांत छापलेले असे.

याहून गंभीर प्रकार बी या कंपनीचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी हिताचीने काही संगणक विंडोजसोबत बीओएस ही सिस्टीमही भरून विकले. पण संगणक सुरू होताना निवड विचारणारा प्रोग्रॅम मात्र दिसत नव्हता. दुसरी सिस्टीम डिस्कवर होती आणि विकत घेणाऱ्याला ती सापडतच नव्हती! मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातल्या अटींमुळे असे घडले, असे बी कंपनीचे म्हणणे होते. तिने २००२ साली दावा लावला. २००३ साली मायक्रोसॉफ्टने कोणतीही चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर बीचा कारभार आटोपला होता. तांत्रिक दृष्ट्या पाहिले तर हा सारा वाद दारातल्या पाचशे बाइटांवर कोणाचा प्रोग्रॅम असावा, एवढ्याचाच होता.

पुढे लिलोची जागा ग्रबने घेतली. एरिक बोलिन याने १९९५ साली लिहिलेला हा प्रोग्रॅम सेक्टरच्या क्रमांकांवर विसंबत नाही, फाइल नावानिशी शोधतो. जुना तक्ताही अपुरा पडला. त्यात सेक्टरचे क्रमांक ३२ बिटांत लिहिले जात, त्यामुळे सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढची डिस्क त्याला मोजता येत नाही. नव्या पद्धतीच्या तक्त्यात साधारणपणे १२८ भागांची सोय असते आणि बायोसच्या जागी यूईएफआय आले आहे. ते पहिल्या सेक्टरवर उडी मारत नाही, डिस्कच्या एका खास भागातली फाइल उघडते.

२०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ सर्रास आले : ज्या प्रोग्रॅमवर मान्य सही आहे तोच सुरू होऊ द्यायचा. सुरुवातीलाच घुसणाऱ्या विषाणूंना आळा घालायला हा उपाय योग्यच. पण सही कोणाची? बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टची. मॅथ्यू गॅरेट याने शिम नावाचा लहानसा प्रोग्रॅम लिहून मार्ग काढला. शिमवर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि तो पुढे लिनक्सला सुरू करतो. इंटेल पद्धतीच्या यंत्रांत वापरणाऱ्याला ही तपासणी बंद करता आली पाहिजे, अशी विंडोज ८ च्या वेळी मायक्रोसॉफ्टची अट होती. एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांत मात्र ती बंद करता येता कामा नये, अशी उलट अट होती. त्या यंत्रांना दुसरी सिस्टीम पारखी झाली. २०१५ मध्ये विंडोज १० आल्यावर, बंद करण्याची सोय द्यायची की नाही हे यंत्र बनवणाऱ्यांवर सोडण्यात आले. शाळेसाठी किंवा घरासाठी यंत्र घेताना दुकानदाराला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि पहिला सेक्टर? तो गेलेला नाही. नव्या पद्धतीच्या डिस्कवरही तेथे जुना तक्ता लिहून ठेवतात. चारपैकी एकच नोंद भरलेली असते, मालकाच्या जागी २३८ हा आकडा, आणि हद्द अख्ख्या डिस्कची किंवा जुन्या मोजमापात मावेल तेवढी. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने डिस्क रिकामी समजून तिच्यावर लिहू नये, म्हणून ही तजवीज. शेवटच्या दोन बाइटांत ८५ आणि १७० असतातच.