अब्बांची प्रिया: जपायची की पळवायची?

आमच्या अंगणात ताडपत्रीखाली एक स्कूटर उभी असते. बजाज प्रिया, १५० सीसी, नोंदणी १९७९ ची. अब्बा शिलाईकाम करायचे. बाजाराच्या दिवशी कापडाची गाठोडी मागच्या कॅरिअरवर बांधून ते गावोगाव जात. त्यांच्या इंतकालानंतर तीन वर्षं ही गाडी जागची हलली नव्हती.

गेल्या रमजान ईदला आपाचा मुलगा आला. त्याने ताडपत्री काढली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, प्लग घासला, गाडी आडवी करून किक मारली. दहा-बारा किकांनंतर ती सुरू झाली. पण साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना, आम्ही दोघं बसलो तर दम तोडू लागली. घरी आल्यावर भाचा म्हणाला, "मामू, इसमें जान नहीं है. मोठा ब्लॉक टाकू, पोर्ट घासून घेऊ, कार्बोरेटर बदलू. मग बघा कशी पळते."

मी लगेच नको म्हणालो. का नको, ते मात्र तेव्हा नीट सांगता आलं नाही. शिक्षकाला उत्तर आलं नाही की झोप लागत नाही. म्हणून या गाडीच्या घराण्याची माहिती काढत बसलो.

हे घराणं इटलीचं. दुसऱ्या महायुद्धात पिआज्जो कंपनीचा पोंतेदेरा इथला विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. कोर्रादिनो दास्कानियो या विमान अभियंत्याने १९४६ मध्ये वेस्पा घडवली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दास्कानियो यांना मोटारसायकल आवडत नसे. त्यामुळे त्यांनी चेन काढून टाकली, इंजिन पत्र्याखाली झाकलं, गिअर हँडलवर आणला आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. पंक्चर झालं तर चाक चटकन बदलता यावं, हा त्यामागचा हेतू. पहिली वेस्पा अवघ्या ९८ सीसीची होती.

पुढे पिआज्जोशी करार करून बजाजने आकुर्डीला स्कूटर बनवायला सुरुवात केली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. परवाना राजचे दिवस होते. किती गाड्या बनवायच्या हेही सरकार ठरवायचं. मागणी अफाट, गाड्या थोड्या. बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. १९७५ मध्ये बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली, आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया बनू लागली. अब्बांनी १९७६ मध्ये नाव नोंदवलं, गाडी १९७९ मध्ये हाती आली. आपाचा जन्म त्याच साली झाला. अम्मी अजून म्हणते, "आपाची वाट नऊ महिने पाहिली, स्कूटरची तीन वर्षं."

आज त्या कारखान्यात स्कूटर बनत नाही. कंपनी आहे, पण आता ती बजाज समूहातले शेअर्स सांभाळते. म्हणजे साताऱ्यात घडलेली स्कूटर पाहायची तर कुणाच्या तरी अंगणातच पाहावी लागणार.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि दोन प्रश्न विचारले. "मामू, ९८ सीसीची गाडी कंपनीनेच १५० सीसीपर्यंत नेली ना? मग हा बदलांचाच इतिहास झाला. आणि नानांनी कॅरिअर लावलं तर तो इतिहास, मी ब्लॉक बदलला तर बिघाड?"

प्रश्न रास्त होते. वर आणखी एक हिशेब होता. अब्बांच्या मागे अम्मी, आपा आणि मी. शरीअतप्रमाणे तरक्याचे २४ भाग केले तर अम्मीचे ३, आपाचे ७ आणि माझे १४. आरसी बुकावर नाव माझं चढलं असलं, तरी या गाडीत भाच्याच्या आईचे सात हिस्से आहेतच. तेव्हा केवळ "मी म्हणतो म्हणून" हे उत्तर चालणार नव्हतं.

उत्तर मिळालं मिस्त्रींकडे. आमच्या मोहल्ल्यात स्कूटरचे जुने मिस्त्री आता एकच उरलेत. शाळा चौथीपर्यंत, पण आवाजावरून रिंग गेली की प्लग, ते ओळखतात. ते म्हणाले, "ब्लॉक बदलता येईल. पण मोठ्या ब्लॉकला पुरेल एवढं हवा-पेट्रोल आत न्यायचं तर खालची केस कोरावी लागते. या इंजिनात फिरता क्रँकच पेट्रोलची वाट उघडतो आणि बंद करतो. क्रँक आणि केस यांच्यात अंतर अगदी कमी. तिथे चुकून घासलं तर केस वाया. आणि इंजिन नंबर त्याच केसवर ठोकलेला असतो."

मग त्यांनी उष्णतेचं सांगितलं. ही इंजिनं हवेने थंड होतात, लिटरला २० मिली ऑइलवर चालतात. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. घाटातच पिस्टन जाम होऊन मागचं चाक अडकलं, तर पुढे काय होईल ते भाच्यालाही कळलं. ब्रेक तेच जुने ड्रमचे, तेही वेगळंच.

कॅरिअर आणि कोरलेली केस यातला फरक मला तिथे समजला. अब्बांचं कॅरिअर सीटच्या बोल्टांवर कसलेलं आहे. दोन पाने घेऊन बसलं तर अर्ध्या तासात निघेल, आणि खाली गाडी जशीच्या तशी असेल. त्यांनी गाडीला जोडलं, तिच्यातून काही काढलं नाही. कोरलेला धातू मात्र कुणालाच परत भरता येत नाही. बदल कुणी केला हा मुद्दाच नाही. पुढच्या वारसाला तो बदल परत फिरवता येईल का, एवढंच पाहायचं.

कायद्याचाही कल याच बाजूला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी मूळ स्वरूपात असेल, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. आमच्या प्रियाला २०२९ मध्ये ५० पूर्ण होतील.

शेवटी आम्ही रिंग-पिस्टन मूळ मापाचे घातले, सायलेन्सरमधला कार्बन काढला, केबल, ब्रेकशू आणि टायर नवे बसवले. मिस्त्रींच्या शेजारी बसून निम्मं काम भाच्याने स्वतः केलं. रंग दिला नाही. कॅरिअरही ठेवलं.

डिकी साफ करताना एक वही सापडली. पेट्रोल, ऑइल, पंक्चर, कोणत्या गावचा बाजार, सगळं अब्बांनी उर्दूत लिहिलेलं. भाचा इंग्रजी माध्यमाचा, त्याला ती लिपी येत नाही. मी वाचत गेलो, तो मोबाइलवर मराठीत टिपत गेला. एका पानावर यवतेश्वरच्या घाटाची नोंद निघाली: चढ लागला, बिवीला खाली उतरवलं, वर पोचल्यावर परत बसवलं.

म्हणजे दोघांना घेऊन ती तेव्हाही चढत नव्हती. भाचा बराच वेळ हसला. त्याला अजून वेगाची गाडी हवीच आहे, आणि ती तो स्वतःच्या पगारातून घेईल. तोवर दर रविवारी तो येतो. गाडी एक फेरी मारून आणतो, मग आम्ही वहीची चार पानं वाचतो. अलिफ, बे, पे त्याला आता ओळखू येतात.