उंबरठ्यावर नाव घ्या

माझ्या एकाच होस्टिंग खात्यात तीन नावं नांदतात: माझं स्वतःचं, भावाच्या क्लासचं आणि आमच्या सोसायटीचं. भाडं एक, जागा एक. मध्यंतरी क्लासचं नाव जोडताना माझी चूक झाली. ‘अ‍ॅडऑन’ करायचं ते ‘पार्क्ड’ केलं. अ‍ॅडऑन नावाला स्वतःचं बिऱ्हाड मिळतं, पार्क्ड नाव मुख्य घराचंच दार उघडतं, आणि आमचं मुख्य घर सोसायटीचं. दोन दिवस पालक क्लासचं वेळापत्रक बघायला जात होते आणि त्यांना दिसत होती आमच्या सोसायटीतल्या पाणीकपातीची सूचना! दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पण एकाच दारावर आलेला माणूस तिघांपैकी कोणाकडे आलाय, हे सर्व्हरला कळतं तरी कसं, हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला तो शिरलाच.

उत्तर एका ओळीचं आहे. ब्राउझर पान मागताना सर्व्हरला जो मजकूर पाठवतो, त्यात ‘होस्ट’ असा शब्द आणि त्यापुढे तुम्ही टाकलेलं नाव असतं. बस्स, एवढंच. गंमत अशी की ही ओळ सुरुवातीला नव्हतीच.

नावाचा आकडा करून देणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. वेब त्यानंतरची. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत ती उभी केली. १९९१ मधल्या त्यांच्या एचटीटीपीत, म्हणजे पान मागण्या-देण्याच्या नियमांत, मागणी एका ओळीची होती: ‘गेट’ आणि पुढे पानाचा मार्ग. कुठल्या स्थळाचं पान, याचा उल्लेख नाही. ब्राउझर डीएनएसला नाव सांगून तो आकडा, म्हणजे आयपी पत्ता, घ्यायचा आणि त्या पत्त्यावर पोचेपर्यंत नाव मागे टाकून यायचा. दारात उभा राहून नुसतं म्हणायचा, ‘पहिलं पान द्या.’ याला चूक म्हणणं अन्यायाचं होईल. एका यंत्रावर एकच स्थळ असताना घरात एकटाच माणूस राहत होता. नाव विचारायचं कोणी आणि कशाला?

मग गर्दी झाली. सप्टेंबर १९९५ पासून डॉट कॉम नावांना दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले, तरी नावं घेणारे थांबले नाहीत. स्थळं भाड्याने ठेवणाऱ्यांनी त्यावर तोडगा काढला होता तो असा, की एकाच यंत्राला अनेक आयपी पत्ते चिकटवायचे आणि प्रत्येक नावाला एक द्यायचा. चालायचं, पण उधळपट्टी होती. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभर मिळून साधारण ४२९ कोटी. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याच्या चार पानांसाठी त्यातला एक अख्खा पत्ता अडकायचा.

आपल्याकडे वरात घरी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते. नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. वेबने नेमकं हेच केलं. काही ब्राउझर ‘होस्ट’ ओळ आधीपासून पाठवू लागले होते, १९९६ मध्ये अपाचे सर्व्हरच्या १.१ आवृत्तीने ती वाचून स्थळं वेगळी करायला सुरुवात केली, आणि जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ च्या मसुद्याने ती सक्तीची केली. नाव न घेता आलेल्याला ४०० क्रमांकाची चूक दाखवून परत पाठवायचं, असा नियमच झाला. त्या जाडजूड मसुद्याने हा बदल आपल्या सर्वांत महत्त्वाच्या बदलांमध्ये गणला आहे, आणि मला ते पटतं. आज शे-दोनशे रुपयांत महिनाभर मिळणारी जागा या एका ओळीच्या जिवावर उभी आहे. नाव न घेणाऱ्या जुन्या ब्राउझरांसाठी अपाचेने ‘सर्व्हरपाथ’ नावाची पळवाटही ठेवली होती. सुना जुन्या वळणाच्या असल्या की सासरच्यांनाच जमवून घ्यावं लागतं, त्यातला प्रकार.

इथे कथा संपायला हवी होती. पण तोच विसर पुन्हा पडला, या वेळी कुलपाच्या दारात. एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे एचटीटीपीच्या कुलूपबंद रूपात, सर्व्हर आधी आपलं प्रमाणपत्र दाखवतो, कुलूपबंद वाट तयार होते आणि मग त्या वाटेने मागणी जाते. ‘होस्ट’ ओळ मागणीच्या पोटात. म्हणजे कोणाचं प्रमाणपत्र दाखवायचं हे ठरवायची वेळ नाव ऐकू येण्याआधीच! त्यामुळे सुरक्षित स्थळाला पुन्हा स्वतंत्र पत्ता आला, त्याचं वेगळं भाडं आलं. २००३ मध्ये एसएनआय नावाची जोड निघाली: कुलूप लागण्यापूर्वीच, पहिल्या हाकेत, नाव सांगून टाकायचं. कागदावर उपाय आला तरी विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कधीच उमगला नाही, आणि एक्सपी ठाण मांडून बसलेली. २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा सांभाळ थांबवला, तेव्हा कुठे होस्टिंगवाले निर्धास्त झाले. या उपायाला एक खोटही आहे. पहिली हाक उघड्यावर मारली जाते, त्यामुळे तुम्ही कुठलं पान वाचलंत ते वाटेतल्याला कळलं नाही तरी कोणाच्या दारात गेलात ते कळतं. ते नावही झाकायची तजवीज आता होऊ लागली आहे.

२०१४ मध्येच ‘.भारत’ हे देवनागरी शेपूट नावं घेणाऱ्यांसाठी खुलं झालं. आता नाव मराठीत टाइप करता येतं. मात्र डीएनएस आणि ‘होस्ट’ ओळ, दोघांनाही रोमन अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघाच चालतात. म्हणून ब्राउझर ते गुपचूप बदलतो आणि उंबरठ्यावर ‘भारत’चं नाव असं घेतो: एक्सएन--एच२बीआरजे९सी.