हृदयाच्या पट्टीची साक्ष

सोनपेठ भागातील हमालांच्या संघटनेत आमचे उभे आयुष्य गेले. वैद्यकाचे शिक्षण आम्हांस नाही. जे थोडे समजले ते उसन्या पुस्तकांतून आणि दवाखान्याच्या बाकावर बसून.

प्रत्येक ठोक्याला हृदयात क्षीण वीज खेळते. माणसाच्या अंगावरून ती प्रथम टिपली ऑगस्टस वॉलर यांनी, लंडनमध्ये, 1887 साली. पण तो आलेख अंधुक होता. पुढे हॉलंडात लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू चुंबकात ताणला आणि रेघ स्वच्छ उमटली. यंत्राचे वजन सुमारे 270 किलो, चालवायला पाच माणसे. (आमच्या टोळीने हमाली किती मागितली असती, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही!) रोगी दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. हे धूड रुग्णालयात नेणार कसे? तेव्हा 1905 साली दीड किलोमीटरवरच्या रोग्याच्या हृदयाची वीजच टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेत आणली. 1924 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता यंत्र पिशवीत मावते. हातापायांना चार आणि छातीवर सहा ठिकाणी तारा लावतात. रोग्याने निपचित पडायचे. कुडकुडला तरी स्नायूंची वीज मिसळून रेघ थरथरते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. दोन सुळक्यांमध्ये चार मोठे चौकोन असले, तर 300 ला चाराने भागावे : मिनिटाला ठोके 75. पहिला लहान उंचवटा हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, उंच सुळका खालच्या कप्प्यांचा, शेवटची टेकडी त्यांच्या सावरण्याची. सुळका आणि टेकडी यांमधली रेघ वर उचललेली दिसली, तर हृदयाची रक्तवाहिनी बंद पडल्याचा दाट संशय. मग क्षणही दवडू नये.

आमच्या एका गड्याच्या छातीत कळ आली. पट्टी साधी निघाली, पित्त म्हणून घरी धाडले. पहाटे तो गेला. भरपाईच्या दाव्यात समोरच्या वकिलाने तीच पट्टी पुढे केली : हृदय ठणठणीत होते!

पट्टी सांगते ती साधारण दहा सेकंदांची गोष्ट, तीही पडून असलेल्या माणसाची. पाठीवर पोते घेऊन फळी चढणाऱ्याचे हृदय तिला ठाऊक नाही. झटक्याच्या आरंभी ती साधीही येऊ शकते. म्हणून कळ थांबत नसेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. त्या रात्री दुसरी काढलीच नव्हती, हेच आम्ही दाव्यात मांडले.

मूळ पट्टी त्याच्या बायकोच्या पेटीत आहे. असल्या कागदावरची रेघ उष्णतेने उमटते नि कालांतराने उडते. आम्ही तिची छायाप्रत काढून ठेवली.