पुढची सीट, लहान मूल आणि एक छोटीशी चावी

एअरबॅगची कल्पना एका बापाला सुचली. १९५२ सालचा वसंत ऋतू, रविवार. जॉन हेट्रिक नावाचा पेनसिल्व्हेनियातला एक इंजिनियर बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन फिरायला निघाला होता. चढ संपला आणि समोर रस्त्यातच मोठा दगड. गाडी खड्ड्यात गेली. ब्रेक मारताना नवराबायको दोघांचेही हात आपोआप पुढे गेले, मुलीचं डोकं डॅशबोर्डवर आपटू नये म्हणून. (हे आपण सगळेच करतो. करकचून ब्रेक लागला की शेजारच्याच्या छातीवर हात.) कोणाला काही झालं नाही. पण घरी येऊन हेट्रिक विचार करत बसला की हे हातांचं काम एखादी फुगणारी उशी का करू शकणार नाही? नौदलात टॉर्पेडोवर काम करताना दाबाखालच्या हवेने कॅनव्हासचं आवरण क्षणात फुगलेलं त्याने पाहिलं होतं. १९५३ मध्ये पेटंट मिळालं, पैसा मात्र काही मिळाला नाही. असो.

मला ह्या गोष्टीत अस्वस्थ करतं ते पुढचं. मुलीसाठी सुचलेली ही उशी चाळीसेक वर्षांनी मुलांचाच जीव घेऊ लागली.

मधला इतिहास लांबलचक आहे, तो पळवतो. १९७३ मध्ये जनरल मोटर्सने पहिल्या हजारेक गाड्यांत बॅगा बसवून पाहिल्या, १९७६ नंतर बंद केल्या. मग खटले, सरकारं बदलणं, नियम येणं-जाणं. शेवटी १९९१ च्या कायद्याने अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून प्रत्येक कारमध्ये पुढे दोन्ही बाजूंना बॅग सक्तीची झाली.

आता खरी गोम. बॅगेची ताकद ठरली चाचणीवरून. आणि चाचणीत होता बेल्ट न लावलेला मोठ्या पुरुषाचा पुतळा, ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर आपटणारा. त्या काळी बरेच अमेरिकन बेल्ट लावत नसत, म्हणून बेल्ट न लावणाऱ्यालाही वाचवा अशी अट. अशा माणसाला थांबवायचं तर बॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगली पाहिजे. त्यामुळे ती बाहेर येते ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने. आमच्या धंद्यात ह्याला म्हणतात, टेस्ट केस पास करण्यासाठी लिहिलेला कोड! टेस्ट केसमध्ये मूल नव्हतंच.

दुसरीकडे मुलांच्या सीटचा वेगळाच प्रवास चालला होता. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन ह्या डॉक्टर-संशोधकाने १९६४ मध्ये मागे तोंड करून बसायची सीट बनवली. प्रेरणा कुठली, तर जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची. धक्का पाठीवर घेतला की तो अंगभर पसरतो. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान कोवळी. तोंड पुढे असेल तर समोरून धडक बसल्यावर सगळा झटका त्या मानेवर येतो, मागे असेल तर पाठ, मान, डोकं एकत्र सीटमध्ये दाबलं जातं. अगदी पटणारं इंजिनियरिंग.

आता ह्या दोन उत्तम कल्पना एकाच सीटवर ठेवा. मागे तोंड केलेल्या सीटची पाठ येते डॅशबोर्डच्या अगदी जवळ, म्हणजे बॅग जिथून सुटते त्याच्याच पुढ्यात. बाळाचं डोकं त्या पाठीला टेकलेलं. बॅग सुटली की पूर्ण फटका तिथेच. साध्या, हळू वेगातल्या टकरीतही.

१९९३ पासून अमेरिकेत असे बालमृत्यू नोंदले जाऊ लागले. मागे सीटच नसलेल्या पिकअपसारख्या गाड्यांना १९९५ मध्ये बॅग बंद करायचं बटण बसवायची परवानगी मिळाली. १९९७ मध्ये बॅगांची ताकद कमी करू दिली. आणि जानेवारी १९९८ पासून सामान्य मालकालाही बटण बसवून घेता येऊ लागलं. पण कसं? आधी सरकारकडे अर्ज, त्यात कारण, मग मंजुरीचं पत्र, ते दाखवल्यावर गॅरेजवाला हात लावणार. कारण तिथल्या कायद्याने सुरक्षेची यंत्रणा निकामी करायला गॅरेजला बंदी होती. प्रॉडक्शनमध्ये चेंज रिक्वेस्ट टाकल्यासारखंच! मला ही कटकट आवडली. २००० च्या नियमाने पुढे सीटवरचं वजन ओळखून आपोआप बंद होणाऱ्या बॅगा आणल्या. युरोपने २००३ मध्ये सरळ लिहून टाकलं की पुढची बॅग चालू असेल तर तिथे उलट्या तोंडाची सीट लावायचीच नाही. तिकडे बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या कडेला चावीचं छोटं भोक असतं. चावी फिरवली की बॅग बंद, आणि समोर दिवा लागतो.

बॅगा वाईट, असं कृपया समजू नका. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार २०१७ पर्यंत पुढच्या बॅगांनी पन्नास हजारांवर जीव वाचवले. १९९० ते २००८ मध्ये हळू वेगाच्या अपघातांत बॅगेनेच गेलेले २९० च्या वर, आणि त्यातले बहुतेक बेल्ट न लावलेले किंवा चुकीचे बसलेले. हिशोब स्पष्ट आहे.

आपल्याकडे काय? चालकाची बॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ ला. शेजारची एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेल्सना, आणि २०२२ उजाडल्यापासून सगळ्या नव्या कारना. म्हणजे अमेरिकेला पंचवीस वर्षांत जे कळलं ते सगळं उपलब्ध असताना आपण बॅग आणली, पण बंद करायची चावी मात्र बऱ्याच स्वस्त गाड्यांत आलीच नाही. सन व्हायजरवर लाल काट मारलेलं बाळाचं चित्र आलं. ते वाचतो कोण?

आमचं घर कसबा बावड्यात. इथल्या गाड्यांतली बैठक ठरलेली: मागे आजी, काकू, पिशव्या, आणि पुढे मांडीवर बाळ घेतलेली आई. बाळाला खिडकी दिसते, एसी लागतो, शिवाय पुढे बसण्यात मान आहेच. गळीत हंगामात राजाराम कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर. रात्री त्यांच्या मागे दिवा असेलच असं नाही. मांडीवरचं बाळ म्हणजे बॅग आणि आईच्या मधोमध ठेवलेलं बाळ.

मुलीसाठी सीट आणली तेव्हा ओळखीच्या मिस्त्रींना विचारलं, बॅग बंद करता येईल का? "हात्तिच्या, त्यात काय अवघड हाय? फ्यूज काढतो. दोन मिनिटांचं काम!" मी म्हटलं, "मामा, नको." बहुतेक गाड्यांत तो फ्यूज एका बॅगेचा नसतो, सगळ्या यंत्रणेच्या कंट्रोलरचा असतो. तो काढला की चालकाची बॅगही जाते, धडकेच्या क्षणी बेल्ट ताणून धरणारी यंत्रणाही जाते, आणि लाल दिवा कायमचा लागतो. मग दिवा नको म्हणून वायरिंगमध्ये आणखी एक जुगाड! आणि चार महिन्यांनी त्या सीटवर आजोबा बसतील तेव्हा कोणाला आठवणार की समोर काहीच नाही? कंपनीची चावी असेल तर जरूर वापरा, मोठं माणूस बसताना परत फिरवा. नसेल तर गाडीतली वायर तोडू नका, मूल मागे न्या.

हा काही परदेशातला वाद राहिलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर पुढे बसलेली दोन वर्षांची मुलगी बॅगेमुळे गेली. तिथल्या परिवहन खात्याने लगेच मुलांच्या सीटची सक्ती जाहीर केली, आणि ओरड झाल्यावर मंत्र्यांनी ती मागेही घेतली. त्याच डिसेंबरमध्ये नवी मुंबईत, वाशीला, पुढच्या गाडीच्या अपघातात मागच्या कारची बॅग उघडली आणि पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा आतल्या रक्तस्रावाने गेला. गाडीतल्या बाकीच्यांना किरकोळ लागलं होतं. बातमी दोन दिवस चालली. कायदा तर आहेच: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड. ही पावती फाडताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही.

आमच्या घरी ह्यावर दोन रविवार खल झाला. आई म्हणाली, "तुम्हाला आम्ही मांडीवरच वाढवलं, काय झालं?" खरं आहे, पण तेव्हा डॅशबोर्डमध्ये स्फोटक नव्हतं. आता सीट मागे डाव्या बाजूला, तोंड मागे, शेजारी तिची आई. मान म्हणून पुढची जागा बाबांना. आजी मध्ये बसायला तयार नाही, म्हणून ती उजव्या खिडकीशी आणि मध्ये तिची पिशवी. पोरगी पहिले पाच दिवस रडली. सहाव्या दिवशी रंकाळ्यापर्यंत जाईतो झोपली.